गणपतीतला उंदीरमामा वर्षभर कसा सांभाळावा?

प्रश्न : माडाखालची (रत्नागिरी)

आमच्याकडे गौरी-गणपती असतात. तीन वर्षांपूर्वी, माझा मुलगा चार वर्षांचा असताना, गणपतीच्या पायाशी बसलेला मातीचा उंदीरही पाण्यात जाणार हे ऐन विसर्जनाच्या वेळी त्याच्या लक्षात आले आणि त्याने असा आकांत मांडला की आरती अर्ध्यावर थांबवावी लागली. पुढच्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी सावंतवाडीहून बोटभर उंचीचा लाकडी उंदीर आणला. गणपती घरात असेपर्यंत हा उंदीरमामा रोज रात्री जागा बदलतो. सकाळी तो कधी तांदळाच्या डब्यावर, कधी माटवीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीच्या) दोरीवर, तर कधी आजोबांच्या चपलेत सापडतो. त्याच्याजवळ एक चिठ्ठी असते : ‘काल रात्री तिसरा मोदक कोणी खाल्ला ते मला माहीत आहे.’

यंदा (2025) 27 ऑगस्टला गणपती आले आणि सातव्या दिवशी गौरींबरोबर गेले. त्यानंतरही मामाने रोज यावे असा मुलाचा हट्ट होता आणि आम्ही तो मान्य केला, हीच आमची चूक झाली असे आता वाटते. दिवाळीपर्यंत आम्ही हा खेळ कसाबसा रेटला. तीन वेळा उंदीर हलवायचे विसरलो, एकदा तर तो मुलालाच औषधांच्या खणात उताणा पडलेला सापडला. त्याहून वाईट म्हणजे, अभ्यासाला बसवण्यासाठी ‘उंदीरमामा बघतो आहे हं’ असे मी म्हणू लागले. परिणाम असा झाला की परवा दूध सांडल्यावर त्याने आधी उंदराचे तोंड भिंतीकडे फिरवले आणि मग मला हाक मारली.

खेळ एकदम बंद करायला मन होत नाही, पण रोज चालवणे शक्य नाही. वर्षभर तो टिकवण्याची काही निराळी रीत आहे का?

उत्तर : देवगडचे जुने मास्तर

ताई, तुमच्या मुलाने उंदराचे तोंड फिरवले यातच तुमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर आहे. हा उंदीर मोदकचोर आहे, म्हणजे मुलाच्या बाजूचा आहे. मोठ्यांच्या नजरेआडच्या खोड्यांतला तो भागीदार आहे आणि त्याला तुम्ही फौजदार केलेत. पस्तीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग शिकवताना मी हे अनेकदा पाहिले की ज्या खेळण्याला आपण शिस्तीच्या कामाला जुंपतो, त्याच्याशी मूल खेळत नाही, त्याच्यापासून लपते. तेव्हा पहिल्याच चिठ्ठीत मामाकडून कबुली लिहून घ्या की त्याला काही दिसत नाही, त्याचा चष्मा गणपतीबरोबर पाण्यात गेला.

राहिला रोजच्या खेळाचा प्रश्न. आपल्या दिनदर्शिकेत गणपतीचा एक दिवस दर महिन्याला येतोच, तो म्हणजे संकष्टी चतुर्थी. उंदीरमामाला त्या दिवशी बोलवा आणि इतर दिवशी तो फिरतीवर आहे असे सांगा. यामागे कथेचाही आधार आहे. उंदराचा पाय अडखळला, गणपती खाली पडला, ते पाहून चंद्र हसला आणि त्याला शाप मिळाला. म्हणून भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र पाहत नाहीत आणि संकष्टीला मात्र चंद्र पाहूनच उपास सोडतात. पडण्याचे मूळ कारण उंदीर, त्यामुळे चंद्राची समजूत काढायला तो दर संकष्टीला येतो असे सांगितले, तर सहा-सात वर्षांच्या मुलाला ते पूर्ण पटते. (माझ्या नातीने त्यावर विचारले होते की मग चंद्र अजून रागावलेला आहे का. मला उत्तर देता आले नाही.)

एक व्यावहारिक अडचण आहे. संकष्टीचा चंद्रोदय साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान होतो आणि शाळेच्या दिवशी तेवढे जागरण मुलांना झेपत नाही. चंद्रोदय उशिरा असेल तर चिठ्ठी संध्याकाळी दिवा लावतानाच सापडू द्यावी. पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र दिसतच नाही, तेव्हा दिनदर्शिकेतली वेळ पाहून उपास सोडतात, त्याच वेळेवर मामालाही चालवून घ्यावे.

उत्तर : पूर्णगडचा खलाशी

मास्तरांची संकष्टीची कल्पना मला पटली आणि तिला मी समुद्राची जोड देतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. तरी संकष्टीची सकाळ किनाऱ्यावर शोधाशोध करायला चांगली, हे त्यातून निश्चित होते. मी माझ्या मुलीसाठी चिठ्ठी झाकणाच्या डबीत घालून पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या वरच्या अंगाला पुरतो आणि ‘केवड्यापासून वीस पावले’ एवढीच खूण घरी ठेवतो. वीस पावले कोणाची, माझी की तिची, यावर दरवेळी भांडण होते आणि खरा खेळ तोच असतो.

पहिल्या वेळी माझीच फजिती झाली. संकष्टीपर्यंत धीर न धरता मी अष्टमीला डबी पुरली. तेव्हा भांगाचे पाणी होते, भरती फार वर चढत नव्हती, म्हणून डबी बरीच खाली ठेवली. मुलीला ताप आला, शोध पौर्णिमेपर्यंत लांबला आणि उधाणाने डबी नेली. जन्म दर्यावर गेलेल्या माणसाने हे करावे याचे घरात अजून हसे होते. मुलगी मात्र शांत होती. गुळ्याचा (गणेशगुळ्याचा) गणपती पुळ्याला (गणपतीपुळ्याला) गेला हे आमच्या भागात लहानपणापासून सांगतात, तेव्हा मामाही तिकडेच गेला असेल, असे तिने स्वतःच ठरवून टाकले.

पावसाळ्यात हे अजिबात करू नये, तेव्हाचा किनारा मुलांचा नव्हे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, त्या काळात मामा आमच्या पडवीत जाळ्यांच्या ढिगात राहतो.

उत्तर : गुहागरची आत्या

मी थोडी वेगळी बाजू मांडते. शिमग्यात आमच्याकडे संकासूर येतो. काळ्या पोशाखातला तो दिसला की मुले किंचाळत पळतात आणि तो पुढच्या घरी निघाला की त्याच्याच मागे धावतात. ग्रामदेवतेची पालखीही वर्षातून एकदाच दारात येते. संकासूर दर महिन्याला येऊ लागला तर चौथ्या महिन्यात मुले त्याला चहा विचारतील. पुढच्या वेळेची वाट पाहणे हाही सणाचा भाग असतो आणि तो आपण मुलांकडून काढून घेतो, असे मला वाटते.

तरीही तुमचा खेळ सुरू झालाच आहे, तर संकष्टीला ठेवा, पण दरवेळी चिठ्ठी, दरवेळी खाऊ, असे करू नका. एखाद्या महिन्यात नुसते तांदळाच्या पिठातले पाय उमटू देत. आणि लपवण्याचे काम हळूहळू मुलाकडे जाऊ द्या. सात वर्षांच्या मुलाला खरे काय ते बहुतेक कळलेलेच असते, आपण समजतो त्याच्या वर्षभर आधी.

पुन्हा : माडाखालची (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. मार्गशीर्षातली संकष्टी रविवारी आली, त्यामुळे जागरणाची चिंता नव्हती. मधल्या काळात मामा फिरतीवर असल्याचे सांगितले होते आणि मुलाने ते तक्रार न करता मान्य केले, याचे मला आश्चर्य वाटले. चष्म्याची कबुलीही दिली. त्यावर त्याने दुसऱ्या दिवशी दुधाचा पेला उंदरासमोर मुद्दाम हलवून खात्री करून घेतली.

आत्यांचे शेवटचे वाक्य मात्र खरे ठरले. चिठ्ठी सापडल्यावर ती वाचून तो सासऱ्यांना म्हणाला, ‘मामा ‘श’ तुमच्यासारखाच काढतो.’ सासरे गोंधळले आणि मामाची शाळा माझीच होती, असे काहीतरी म्हणाले. तो हसला, पुढे काही विचारले नाही. सोमवारी सकाळी सासऱ्यांनी चष्म्याचे घर उघडले तेव्हा चष्म्याच्या जागी उंदीर होता आणि वाकड्या अक्षरांत चिठ्ठी होती : ‘माझा बुडाला म्हणून तुमचा नेला.’ चष्मा शोधायला आम्हाला अकरा वाजले, तो माठाच्या झाकणावर होता.

आता पुढच्या गणपतीपर्यंतच्या संकष्टी त्याने दिनदर्शिकेत मोजून ठेवल्या आहेत. 2026 साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे आठाऐवजी नऊ येतात, आणि ती जास्तीची संकष्टी कोणाच्या वाट्याची, त्याच्या की आजोबांच्या, हा वाद सध्या चालू आहे.