विंगसूट स्पर्धा: जीपीएस माणूस मोजतो की वारा?

घारपंखी: विंगसूट म्हणजे हातापायांच्या बेचक्यांत कापडी पंख शिवलेला सूट. विमानातून उडी टाकायची, तरंगत पुढे जायचं, शेवटी पॅराशूट उघडायचं. स्पर्धेत हेल्मेटवर छोटा जीपीएस असतो आणि निकाल त्याच्यावरच लागतो. २०१६ साली फ्लोरिडात झेफिरहिल्सला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा ३००० ते २००० मीटर उंचीचा पट्टा ठरलेला होता. तेवढं उतरताना कोण जास्त वेळ टिकलं, कोण लांब गेलं, कोण वेगात गेलं, अशा तीन वेगवेगळ्या उड्या.

माझा आक्षेप असा, की सूट उडतो हवेत आणि जीपीएस मोजतो जमिनीच्या हिशेबानं. सेकंदाला १० मीटरचा वारा पाठीशी असेल आणि पट्ट्यात ७० सेकंद गेले, तर ७०० मीटर फुकटात. यात कौशल्य कुठे आलं?

कामशेतकर: फुकटात कुणाला? फेरीत पहिल्या आलेल्याला १०० टक्के, बाकीच्यांना त्या प्रमाणात. वारा सगळ्यांनाच असतो की. आम्ही पॅराग्लायडिंगवाले इतकी वर्षं ट्रॅकलॉगवरच (जीपीएसनं नोंदलेल्या वाटेवरच) भांडतोय, काही बिघडलं नाही.

घारपंखी: तुम्ही एकाच दुपारी एकाच हवेत तासन्‌तास असता हो. इथे एक विमान सकाळी वर जातं, दुसरं तासाभरानं. तोवर वारा फिरलेला असतो.

तात्या_टेक्सास: वेळेच्या उडीला तुमचा आक्षेप लागूच होत नाही. आडवा वारा खाली पडण्याचा वेग बदलत नाही.

आणि कौशल्याचं म्हणाल तर ऐका. इथे साध्या २०० उड्या झाल्याशिवाय विंगसूट अंगाला लावू देत नाहीत. मी त्यानंतर वर्षभरानं पहिल्यांदा ट्रॅकर, म्हणजे तोच जीपीएस, लावला. पट्ट्याच्या आधी सूर मारून वेग साठवायचा आणि आत शिरल्यावर तो हळूहळू खर्च करायचा, हे तोंडपाठ होतं. माझ्या मते उडी झकास झाली होती. लॅपटॉपवर आलेख पाहिला तर शेवटच्या ३०० मीटरमध्ये रेघ धाडकन खाली. खांदे भरून आले होते, हात नकळत आत ओढले गेले होते. ट्रॅकर नसता तर संध्याकाळी चहाच्या टेबलावर मीच विजेता होतो!

मोजणीदार_निवृत्त: हयात जमीन मोजण्यात गेली, म्हणून दोन शब्द. तुम्ही वाऱ्यावर भांडताय, खरी गोम उंचीत आहे. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, त्यामुळे जीपीएसची उंची आडव्या मापापेक्षा कच्ची. सेकंदाला १४ मीटरनं उतरणाऱ्याच्या उंचीत ७ मीटर चुकले की अर्धा सेकंद गेला. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चूक सारखीच असेल तर ती कटते, पण दर वेळी ती सारखी असेलच असं नाही.

घारपंखी: तात्या, वेळेचं मान्य. अंतराचं नाही. बलून सोडून वारा मोजा आणि वजा करा.

कामशेतकर: बलून जिकडे वाहत जाईल तिकडचा वारा सांगेल. स्पर्धकाच्या वाटेवरचा कोण सांगणार? एका वादाचे दोन होतील.

घारपंखी: मग निदान निकालातले दशांश तरी कमी करा.

मोजणीदार_निवृत्त: +१. यावर मात्र सही करतो.