ग्लायोब्लास्टोमा: ईजीएफआर रोखूनही गाठीची उपासमार का होत नाही?

पेशीजिज्ञासू

मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत असून चर्चासत्रासाठी ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगावर टिपण तयार करीत आहे. या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या गाठींत ईजीएफआर या ग्राहीच्या (पेशीपटलावरील संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात आणि तो ग्राही पीआय-३ कायनेज, एकेटी व एमटॉर या कायनेजांमार्फत (रेणूंना फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांमार्फत) पेशीला वाढीचा संदेश देतो, एवढे पाठ्यपुस्तकात मिळते. परंतु हा संदेश ग्लुकोजच्या वापरापर्यंत नेमका कुठे पोहोचतो, आणि तो पोहोचत असेल तर एर्लोटिनिब किंवा गेफिटिनिब या औषधांनी ईजीएफआर रोखल्यावर गाठ उपाशी का पडत नाही, याचा उलगडा होत नाही. वॉरबर्ग परिणामाचा (कर्करोगाच्या पेशी प्राणवायू असूनही ग्लुकोजचे लॅक्टेट करतात, याचा) उल्लेख सगळीकडे आहे. या पेशींच्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) निकामी झालेल्या असतात, असा त्याचा अर्थ घ्यावा का?

रेणुवाचक

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तसा अर्थ घेऊ नका. वॉरबर्ग यांचा स्वतःचा कल तसा होता, पण २०१२ साली अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांना कार्बन-१३ युक्त ग्लुकोज देऊन काढलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा तो कार्बन क्रेब्ज चक्रात (तंतुकणिकेतील इंधनज्वलनाच्या चक्रात) पोहोचलेला आढळला. म्हणजे तंतुकणिका चालू असतात. ग्लुकोजचा मोठा वाटा लॅक्टेटकडे वळतो तो नियंत्रणामुळे, आणि हे नियंत्रण बऱ्याच अंशी कायनेजांच्या हाती असते.

एकेटी ग्लुकोजच्या वाटेवर अनेक ठिकाणी हस्तक्षेप करते. ग्लुट-१ हा ग्लुकोजवाहक पेशीपटलावर अधिक प्रमाणात राहतो आणि हेक्झोकायनेज-२ तंतुकणिकेच्या बाह्यपटलाला चिकटून राहिल्याने तेथे तयार होणारे एटीपी हे ऊर्जाद्रव्य त्याला सहज मिळते. (हेक्झोकायनेज स्वतः प्रथिन कायनेज नाही, ते फॉस्फेट साखरेला जोडते, परीक्षक हे हमखास विचारतात.) निरोगी मेंदूत हेक्झोकायनेज-१ प्रमुख असते, तर ग्लायोब्लास्टोमात हेक्झोकायनेज-२ बळावते, म्हणून टिपणात हे उदाहरण अवश्य घ्यावे. एमटॉर तुलनेने संथपणे काम करते: त्याच्यामुळे एचआयएफ-१ या प्रथिनाचे प्रमाण वाढते, ग्लायकोलिसिसच्या (ग्लुकोजचे पायरुव्हेटपर्यंत विघटन करण्याच्या) विकरांची निर्मिती वाढते, आणि पायरुव्हेट डीहायड्रोजनेज कायनेजही वाढते. हे शेवटचे कायनेज पायरुव्हेट डीहायड्रोजनेजला फॉस्फेट जोडून ते मंदावते, त्यामुळे पायरुव्हेटचा क्रेब्ज चक्रातील प्रवेश कमी होऊन ते लॅक्टेटकडे वळते.

आता औषधांविषयी. पीटेन हे प्रथिन पीआय-३ कायनेजच्या कामावर वचक ठेवते, आणि पुष्कळ गाठींत तेच नाहीसे झालेले असते. अशा वेळी वरचा ग्राही बंद केला तरी खाली एकेटी चालूच राहते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या औषधांना प्रतिसाद मिळाला तो प्रामुख्याने ईजीएफआर-व्ही-३ हा बदललेला ग्राही आणि शाबूत पीटेन दोन्ही असलेल्या गाठींत. शिवाय एकाच गाठीत मेट, पीडीजीएफआर असे इतर ग्राहीही सक्रिय असू शकतात, आणि औषध रक्त-मेंदू अडसर ओलांडून पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही ही अडचण वेगळीच.

मेदमार्ग

वरील उत्तर योग्य आहे, परंतु केवळ ग्लुकोजकडे पाहून हे कोडे सुटणार नाही, असे मला वाटते. ईजीएफआर आणि एकेटीच्या संदेशाने एसआरईबीपी-१ हे प्रथिन सक्रिय होते आणि मेदाम्लांची निर्मिती व कोलेस्टेरॉल आत घेणाऱ्या एलडीएल ग्राहींची संख्या दोन्ही वाढतात. रक्तातील कोलेस्टेरॉल मेंदूत सहसा शिरत नाही, म्हणून ही गाठ मुख्यतः शेजारच्या तारकापेशींनी (मेंदूतील आधारपेशींनी) तयार केलेल्या कोलेस्टेरॉलवर अवलंबून राहते. उंदरांमध्ये हा पुरवठा एलएक्सआर या कोलेस्टेरॉल नियंत्रित करणाऱ्या ग्राहीमार्फत तोडल्यावर गाठीच्या पेशी मेल्याचे २०१६ साली दाखवले गेले. त्यातच २०१४ साली याच गाठी अ‍ॅसिटेटचेही ज्वलन करतात असे दिसले, तेव्हा एक इंधन कमी पडले की दुसरे वापरण्याची सोय पेशीकडे आहेच.

एएमपीके या कायनेजविषयीही सावधपणे लिहा. ऊर्जा घटल्यावर ते अ‍ॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेजला फॉस्फेट जोडून मेदनिर्मिती थांबवते आणि एमटॉरलाही आवरते, म्हणून त्याला सरसकट कर्करोगविरोधी म्हणण्याची प्रथा पडली आहे. प्रत्यक्षात ग्लायोब्लास्टोमात ते सक्रिय राहून पेशीला तग धरण्यास मदत करते, असे पुरावे आहेत.

रुग्णाचा भाऊ

माझ्या मोठ्या भावाला हाच आजार आहे. आपण सर्व जाणकारांनी कृपया सांगावे, त्यांची साखर पूर्ण बंद केल्यास उपयोग होईल का? डायक्लोरोअ‍ॅसिटेट नावाचे द्रव्य इंटरनेटवर विकत मिळते, तेही आम्ही पाहत आहोत.

रेणुवाचक

दादा, आहारात साखर नसली तरी यकृत ग्लुकोज तयार करते आणि रक्तातील पातळी टिकून राहते. साखर बंद केल्याने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. मात्र सूज कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनमुळे रक्तशर्करा वाढू शकते, तिच्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लक्ष ठेवणे आवश्यक आहे. डायक्लोरोअ‍ॅसिटेट वर उल्लेखलेल्या पायरुव्हेट डीहायड्रोजनेज कायनेजला रोखते हे खरे, पण कॅनडातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला ग्लायोब्लास्टोमावरील बहुचर्चित अभ्यास अवघ्या ५ रुग्णांचा होता आणि या द्रव्याने हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. ते विकत घेऊ नका. चालू उपचार करणाऱ्या डॉक्टरांना न सांगता तर मुळीच नाही.