साडेचार स्टारच्या खालचा बार बघायचाच नाही? का म्हणून?

गल्लीबोळ
काल सरळसोट यांनी लिहिलं की रात्री बसायला जायचं तर मॅप उघडा, साडेचार स्टारच्या खालचं काही बघू नका, आणि गल्लीतले बार म्हणजे कोपऱ्यात बसलेले चार बेवडे, तिकडे वेळ घालवू नका. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल जरा. अहो तो स्टारचा आकडा म्हणजे कित्येक वर्षांची सरासरी असते, मधल्या काळात मालक बदलला, चांगला बारटेंडर सोडून गेला, स्पीकर दुप्पट झाले, यातलं काही त्यात दिसत नाही. आणि लिहितं कोण? एकदम खूश झालेला नाहीतर एकदम भडकलेला. जो माणूस दर आठवड्याला येतो, दोन ग्लास घेतो, गप्पा मारतो आणि घरी जातो तो कधी एक ओळ लिहीत नाही, आणि बार चालतो तो त्याच्या जिवावर. वाचायचंच असेल तर 'सर्वात नवीन' लावा आणि तीन स्टारवाल्यांचं वाचा, ते बिचारे काय बरं होतं आणि काय नव्हतं दोन्ही सांगतात.

माझं म्हणणं एवढंच की बार आडवारी बघावा. शनिवारी कुठलाही भरतो. मंगळवारी आठ वाजता ज्याची अर्धी टेबलं भरलेली आहेत आणि लोक बारटेंडरला नावाने हाक मारतायत, तो त्या भागाने निवडलेला बार आहे. मग काउंटरवर नजर टाका. ड्राफ्ट बिअरच्या (म्हणजे पाइपमधून नळाने येणाऱ्या) ग्लासला आतून बुडबुडे चिकटून राहिले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. बिअरला लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास येत असेल तर बहुतेक वेळा पाइप साफ झालेले नसतात, ते दर 14 दिवसांनी साफ करावेत असं बिअर बनवणारेच सांगतात. कॉकटेल घेणार असाल तर वर्मूथची उघडी बाटली कुठे ठेवलीय बघा, ती शेवटी वाइनच, फ्रिजबाहेर राहिली की उतरते. हे सगळं पाच मिनिटांत कळतं आणि स्टारमध्ये कधीच कळत नाही.

सरळसोट
तुमच्याकडे मंगळवार मोकळा असेल, माझ्याकडे नाही. घरात दोन लहान पोरं आहेत, अशी एखादी रात्र मिळायला आधी चार जणांची मनधरणी करावी लागते, त्यात मी आधी जाऊन बाटल्या फ्रिजमध्ये आहेत का ते तपासत बसू? अशाच एका "अस्सल" बारमध्ये ऑफिसच्या मित्रांना नेलं होतं. आत शिरल्यावर सगळ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी मान वळवून बघितलं, ऑर्डर घ्यायला अर्धा तास कुणी आलं नाही आणि बिलात न मागवलेला पेग. मित्र अजून त्यावरून बोलतात. रेटिंग खोटं असेल, पण निदान असं तोंडघशी पाडत नाही.

चांदणीरात
तुम्ही दोघं ग्लासचे बुडबुडे मोजा. आम्ही काय बघतो सांगते. गल्लीत दिवे आहेत का, बायकांच्या संडासाला धड कडी आहे का, कोण टेबलाशी येऊन चिकटलं तर स्टाफचं लक्ष जातं का, आणि निघताना वाहन मिळेल का. "सगळे नावाने ओळखतात" हे गल्लीबोळ यांना भारी वाटतं, पण त्रास देणारा माणूस मालकाचा जुना दोस्त निघाला तर? माझ्या बाबतीत झालंय, मालक मलाच म्हणाला जाऊ द्या, तो मनाने चांगला आहे. 2016 मध्ये इंग्लंडच्या लिंकनशरमध्ये 'आस्क फॉर अँजेला' सुरू झालं, काउंटरवर जाऊन अँजेला आहे का विचारलं की स्टाफने समजून मदत करायची. असं काही शिकवलेला स्टाफ असेल तर मला बिअर कोमट चालेल.

तिसरामजला
माझा प्रश्न वेगळा आहे. "आपल्या भागातला बार" म्हणता तेव्हा त्याच्या वर कुणाचं तरी घर असतं हे कुणाच्या डोक्यात येतं का? मी राहतो वर. गाण्याचे शब्द येत नाहीत, फक्त बेस येतो, धप धप धप, कारण खर्जातले जाड सूर भिंतीतून आणि स्लॅबमधून आरामात चढतात. आईचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा ती कानात कापूस घालून रात्री खुर्चीवर बसायची. खाली लोक म्हणत होते काय माहोल आहे!

सूर_ताल
मग बारच्या वर घर घेतलं कशाला? मी वीकेंडला गाणी लावतो, लोक नाचायला येतात, हसून घरी जातात. शांतच बसायचं तर घरी बसा. गाणं काढलं की बारचा वेटिंग रूम होतो.

तिसरामजला
घर आधी, बार नंतर आलाय. न विचारता बोलू नका.

कानसेन
सूर_ताल, आवाजाचं थोडं गांभीर्याने घ्या. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश संस्थेची शिफारस आहे की 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास राहावं, आणि वरच्या दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी कमाल सरासरी 100 डेसिबल सांगितली, तीही कान विसावायला शांत जागा ठेवा या अटीसकट. गिऱ्हाईक दोन-चार तास बसतं, तुम्ही आणि वेटर रोज असता. शिवाय आवाज वाढला की माणूस नकळत ओरडून बोलतो, फ्रान्सचे कानाचे डॉक्टर लोंबार यांनी शंभर वर्षांपूर्वीच हे दाखवलंय. सगळे ओरडतात म्हणून तुम्ही गाणं वाढवता, मग ते अजून ओरडतात. काच, काँक्रीट, उघडं छत असलं की संपलंच. पडदे, लाकूड, गादीच्या खुर्च्या असलेला बार निवडा, निम्मा प्रश्न सुटतो.

सूर_ताल
कान माझे आहेत. बाकी माहिती बरोबर असेल, पण रिकाम्या बारमध्ये डेसिबल मोजून भाडं निघत नाही.

पाणीकम
मी मुद्दाम सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेनेच जानेवारी 2023 मध्ये म्हटलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. त्यावर इथे एक शब्द नाही.

निवांत
मी पीत नाही तरी बारमध्ये जातो, मित्र तिथे भेटतात म्हणून. ओल्डनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1989 मध्ये मांडलं की घर आणि काम सोडून माणसाला तिसरी जागा लागते आणि तिथला मुख्य उद्योग गप्पा हाच असतो. म्हणून मी लिंबू-सोडा मागितल्यावर वेटरचा चेहरा बघतो. पडला तर परत जात नाही. जिथे न पिणाऱ्याला नीट ग्लासात, नीट बर्फ घालून देतात तिथे पिणाऱ्यालाही फसवत नाहीत हा माझा अनुभव.

सरळसोट
हे पटलं. मंगळवारपेक्षा सोपं आहे.

गल्लीबोळ
मंगळवार जमत नसेल तर जिथे जेवता तिथल्या वेटरला विचारा तुम्ही काम संपल्यावर कुठे बसता. ते कधी भपक्याला जात नाहीत. आणि सूर_ताल, गाण्याला माझा विरोध नाही, पण समोरच्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागलं की मी उठतो.

तिसरामजला
खरं सांगायचं तर आमच्या खालच्या मालकाने शेवटी ऐकलं. सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, जमिनीवरून उचलून खाली जाड रबर घातलं, तोंड भिंतीकडून फिरवलं, आणि सिगारेटवाल्यांना दारासमोरून मागच्या अंगणात नेलं. बंद व्हायच्या वेळचा रस्त्यावरचा कालवा गाण्यापेक्षा वाईट होता, तो गेला. आता मी अधूनमधून खाली जातो. पण त्यासाठी किती वेळा भांडावं लागलं ते मलाच माहीत.

सूर_ताल
रबराचं ठीक आहे, आमच्या मालकाला सांगून बघतो. आवाज कमी करणार असं म्हणालेलो नाही.

चांदणीरात
आवाजावर इतकं रामायण झालं, माझ्या कडीवर आणि दिव्यांवर कुणी बोललं का?

सरळसोट
तुमचंच वाचून काल रात्री मॅपवर शोधलं. सर्चमध्ये 'वॉशरूम', 'एकटी', 'स्टाफ' असे शब्द टाकले तर बायकांनी लिहिलेलं वेगळं दिसतं. साडेचारवाल्या एका बारबद्दल तिघींनी कडी तुटल्याचं लिहिलंय.

चांदणीरात
माझ्या मैत्रिणी असंच शोधतात, स्टार कुणी बघत नाही. त्या बारचं नाव मला मेसेजमध्ये टाका, शुक्रवारी तिकडेच जायचं ठरत होतं.