मदत हवी आहे: दवाखान्यात आदिवासी रुग्णाचा अपमान झाला तर तक्रार टिकवायची कशी?

मेळघाट आणि धडगावच्या पाड्यांवरील आशाताईंसाठी तक्रारीचा एकपानी नमुना बनवतोय. ‘नीट वागले नाहीत’ एवढंच लिहिलं की तक्रार तिथेच निकालात निघते. म्हणून तारीख, वेळ, केसपेपर नंबर आणि ‘आधी आंघोळ करून या’ असले शब्द जसेच्या तसे हवेत. तोंडीच ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणून घालवलं तर पुरावा उरत नाही. रेफर चिठ्ठी मागायलाच हवी, पण बाळंतीण अडलेली असताना चिठ्ठीसाठी भांडणार कोण?

खरी अडचण पुढे आहे. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम ३(१)(आर) साठी अपमान लोकांदेखत व्हावा लागतो. प्रसूतिगृहात तर सगळे कर्मचारीच! अशा वेळी जबाब कोणाचे घेतलेत? कोरकू, पावरी बोलणाऱ्या बाईचा जबाब नोंदवताना दुभाषी कसा मिळवलात?