‘पुरावाधिष्ठित’ उपचार आणि समोरच्या माणसाची माहिती: कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न

वाचा-उपचारतज्ज्ञांसाठी मराठीत टिपणे लिहिताना ‘एव्हिडन्स’ आणि ‘क्लायंट’ या शब्दांपाशी अडते. पहिल्यासाठी पुरावा म्हणावे, प्रमाण की आधार? दुसऱ्यासाठी ‘अशील’ चालत नाही, कारण तो शब्द वकिलीत रुळला आहे. आणि तोतरे बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला ‘रुग्ण’ म्हणणे मनाला पटत नाही. शिवाय संशोधनातील पुरावा आणि समोरच्या माणसाकडून मिळालेली माहिती या दोहोंचा मेळ घालून निर्णय घेण्याला काय म्हणावे?

उत्तर १

‘पुरावा’ रूढ झाला आहे, तो ठेवावा. माझी हरकत ‘एव्हिडन्स-बेस्ड’साठी ‘पुरावा’ला जोडल्या जाणाऱ्या ‘अधिष्ठित’ आणि ‘आधारित’ या शब्दांना आहे, कारण त्यांमुळे सगळा निर्णय छापील संशोधनावरच उभा असतो असे वाटते. डेव्हिड सॅकेट हे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पुरावाधिष्ठित उपचारपद्धतीची व्याख्या केली, तेव्हाच बाहेरचा पुरावा आणि वैद्याचे स्वतःचे कौशल्य यांपैकी कोणतेही एक पुरेसे नाही असे स्पष्ट लिहिले होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2005 च्या धोरणात त्याला व्यक्तीची वैशिष्ट्ये, संस्कृती आणि पसंती यांची जोड दिली.

तोतरेपणाचेच उदाहरण घ्या. सिडनीच्या एका उपनगराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘लिडकम’ पद्धतीत पालक घरी, रोजच्या बोलण्यात, मुलाच्या अडखळण्याविना झालेल्या उच्चारांची दखल घेतात. न्यूझीलंडमध्ये 54 लहान मुलांवर तिची यादृच्छिक चाचणी (कोणते मूल कोणत्या गटात हे दैवावर सोडून केलेली तुलना) झाली आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नऊ महिन्यांनंतर उपचार घेतलेल्या गटातील अडखळणे सरासरी 1.5 टक्के अक्षरांवर, तर ही पद्धत न वापरलेल्या दुसऱ्या गटात 3.9 टक्के अक्षरांवर होते. हा भक्कम पुरावा आहे. पण दिवसभर मूल आजीजवळ राहत असेल, तर पालकांऐवजी आजीला शिकवावे का, हे त्या आकड्यांतून कळत नाही. ते घरच्यांना विचारूनच कळते. शिवाय याच पद्धतीत पालक मुलाच्या अडखळण्याच्या तीव्रतेला रोज अंक देतात आणि त्या नोंदींवरून तज्ज्ञ पुढचे पाऊल ठरवतात. म्हणून ‘पुरावा’ एकीकडे आणि ‘माहिती’ दुसरीकडे अशी विभागणी मला चुकीची वाटते. ‘संशोधनातील पुरावा’ आणि ‘व्यक्तीकडून मिळालेला पुरावा’ असे म्हणावे, आणि त्यांची ‘सांगड घालून’ निर्णय घ्यावा.

उत्तर २

‘सांगड’ला माझे अनुमोदन आहे, होड्या एकमेकींना बांधून केलेल्या तराफ्याचे हे नाव असल्याने दोन्ही बाजू भार वाहतात हे त्यातच येते. चरकसंहितेत आप्तोपदेश (विश्वासू जाणत्यांचे सांगणे), प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या बरोबरीने ‘युक्ती’ हे चौथे प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचे साधन, मानले आहे आणि अनेक कारणांच्या योगातून घडणाऱ्या गोष्टी पाहणारी बुद्धी असा तिचा अर्थ दिला आहे. या कामासाठी याहून नेमका शब्द सापडणे कठीण, पण आजच्या मराठीत युक्ती म्हणजे क्लृप्ती असा समज होईल, म्हणून तो शीर्षकात नको.

‘क्लायंट’साठी समुपदेशनात ‘समुपदेशनार्थी’ वापरतात. एरवी ‘सेवार्थी’ चालेल. ‘लाभार्थी’ मात्र टाळावा, कारण त्यात माणूस केवळ घेणारा ठरतो, आणि इथे तर निम्मा पुरावा त्याच्याकडूनच येतो. मुलांच्या संदर्भात ‘मूल आणि पालक’ असे सरळ लिहावे.