मदत हवी आहे: पेनड्राइव्हवर लिनक्स आणि पायथन

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुने कॉम्प्युटर आहेत. दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला स्वतःचा पेनड्राइव्ह द्यायचाय: बूट केला की पायथन, जीसीसी (सी भाषेचा कंपायलर), गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) आणि त्याच्या फाइली समोर. हार्डडिस्कला हात नाही. उद्या बेळगावला कॉलेजात गेलं तरी तोच चालावा.

रुफसने (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचं साधन) उबुंटू लिनक्स पर्सिस्टन्ससह, म्हणजे बदल ड्राइव्हवर जपून ठेवायच्या सोयीसह, टाकलं. फाइली टिकतात, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट करूनही बूट आयएसओतल्या (उबुंटूच्या मूळ इमेज फाइलीतल्या) जुन्याच कर्नलवर होतं. मग ३२ जीबीच्या ड्राइव्हवर सरळ पूर्ण इन्स्टॉल करावं का? सतत लिहून ड्राइव्ह लवकर जाईल ही खरी काळजी, कारण मुलांना पुन्हा घेणं परवडणार नाही. नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ दरवेळी न लिहिण्याचा पर्याय) लावणं पुरेल का?

काही मशीन जुन्या बायॉसची, काही यूईएफआयची (बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत). एकाच ड्राइव्हवर दोन्हींसाठी ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) कुणी बसवलंय? पार्टिशन कशी केलीत, तेवढं सविस्तर सांगा. मराठी-कन्नड दोन्ही कीबोर्ड आयबसमध्ये (लिनक्सवर भाषा बदलून टाइप करायचं साधन) बसलेत, ती चिंता नाही.