गणपतीत मुलांची मोबाइल गेम स्पर्धा: घ्यावी की नको?

मंडपवाला: सोसायटीच्या गणेशोत्सवात चित्रकला, संगीतखुर्चीच्या जोडीला १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी बीजीएमआयची (पबजी मोबाइलचा भारतीय अवतार; शेवटपर्यंत टिकणारा संघ जिंकतो असा गोळीबाराचा मोबाइल गेम) स्पर्धा ठेवायची असं चाललंय. माझं मत, घ्यावी. एरवी खेळतातच, इथे निदान मोठ्यांसमोर आणि ठरलेल्या वेळेत खेळतील. चौघांचा संघ, असे १६ संघ, कस्टम रूम (फक्त आपल्याच खेळाडूंचा खासगी सामना), एरँगल या नकाशावर तीन सामने. सामना साधारण अर्ध्या तासाचा, मध्ये पंधरा मिनिटं. दोन तासांत, आरतीआधी मोकळे. गुण नेहमीचेच: पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक किलला (प्रतिस्पर्धी मारला की) १. विरोध असेल तर कारण द्या. "मोबाइल वाईट" हे कारण नव्हे.

घाटावरची: कारण तुमच्याच गुणतक्त्यात आहे. खालच्या आठ संघांना क्रमांकाचा एकही गुण नाही. कच्चे संघ हमखास नकाशावरच्या गर्दीच्या जागी, पोचिंकीला नाहीतर स्कूलवर उतरतात, तीन मिनिटांत बाद होतात आणि उरलेला वेळ दुसऱ्यांच्या फोनमध्ये डोकावत बसतात. दुसरं, २०२३ च्या मेमध्ये गेम बंदीनंतर परत आला तो १८ खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊनच. सकाळी सरावात दोन तास उडवले की तिसऱ्या सामन्यात गेमच बाहेर काढतो. नाही काढलं, तर खातं बाबांच्या वयावर उघडलेलं आहे हे समजून जा. मग मंडळ नक्की कशाला टाळ्या वाजवणार?

पिंगाक्ष: घ्या, पण एका राउटरवर ६४ फोन चढवू नका. गेमला डेटा फार लागत नाही, घोळ होतो तो पिंगचा, म्हणजे फोनचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा. घरगुती राउटरवर एवढे फोन एकदम बोलायला लागले की रांग लागते, शंभर मिलिसेकंदांच्या आतला पिंग तीनशे-चारशेवर उड्या मारतो आणि समोरचा भिंतीआड गेल्यावर आपली गोळी सुटते. तीन ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) लावा, ५ गिगाहर्ट्झवर, वेगवेगळ्या चॅनलवर. प्रत्येकावर विसेक फोन. अपडेट आणि नकाशे आदल्या रात्री घरीच उतरवून आणायला सांगा. चार्जिंगला लावून खेळू देऊ नका. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, चित्र अडखळतं आणि हरलेला संघ "लॅग होता" (गेम मागे पडत होता) म्हणून हुज्जत घालतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऑब्झर्व्हरचा (सगळ्या संघांना पाहू शकणाऱ्या प्रेक्षक-खात्याचा) पडदा मंडपात थेट प्रोजेक्टरवर लावणं. कोण कुठल्या घरात दबा धरून बसलंय ते सगळ्यांना दिसतं आणि कुणाचा तरी दादा ओरडतोच, "छतावर आहे रे!" खेळाडू वेगळ्या खोलीत बसवा, नाहीतर प्रक्षेपण काही मिनिटं मागे ठेवा.

काटेकोर: फीचं काय? "संघामागे २०० रुपये, जमतील ते जिंकणाऱ्याला" हा गल्लीतला शिरस्ता आता चालणार नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे.

मंडपवाला: त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला नोंदणी शुल्क आणि बक्षीस चालतं की.

काटेकोर: चालतं, पण मान्यता आणि नोंदणी असलेल्या ई-स्पोर्टला. मंडळाने फ्लेक्स लावला म्हणून ते ई-स्पोर्ट होत नाही. फी शून्य ठेवा आणि बक्षीस प्रायोजकाकडून घ्या. रोख नको, हेडफोन किंवा पॉवर बँक द्या.

तिसरी_घंटा: इतकं नाक मुरडण्यासारखं काय आहे? २०१९ च्या फोर्टनाइट (असाच एक गोळीबाराचा गेम) विश्वचषकात १६ वर्षांच्या काइल गिर्सडॉर्फने एकट्याने ३० लाख डॉलर जिंकले.

घाटावरची: हे उदाहरण येणारच होतं. त्या अंतिम फेरीतल्या उरलेल्या ९९ जणांची नावं सांगा बघू. आणि इथे पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला तो दहा महिन्यांनी परतला. कबड्डीचं मैदान असं रातोरात गायब होत नाही. (बिल्डरने घेतलं तर गोष्ट वेगळी.) घ्यायचाच तर कन्सोलवर फुटबॉल घ्या. १६ मुलं, दोन कन्सोल, बाद पद्धत, १५ सामने. सहा मिनिटांचा हाफ धरला तर मांडामांडीसकट सामन्याला वीस मिनिटं, आठ पाळ्या, म्हणजे पावणेतीन तास.

पिंगाक्ष: बाद पद्धतीत आठ मुलं एकेक सामना खेळून घरी! मघाशी हाच आक्षेप तुमचा होता ना? चार-चारचे चार गट करा. गटात २४ सामने, गटविजेत्यांचे दोन उपांत्य आणि एक अंतिम, एकूण २७. हाफ चार मिनिटांचा केला की सामना बारा मिनिटांत उरकतो, वेळ जवळपास तेवढाच आणि प्रत्येकाला किमान तीन सामने. गटात बरोबरी चालू द्या, समान गुण झाले तर गोलफरक.

घाटावरची: हे मान्य. गोळीबार नाही, तीन तासांची भानगडही नाही.

मंडपवाला: पण नावं देणारी सगळी पोरं बीजीएमआयवालीच आहेत. फुटबॉलला १६ तरी जमतील का?

पिंगाक्ष: आधी यादी फिरवा. जमले तर कंट्रोलर चार पुरतील असं समजू नका, सहा आणा. घरोघरचे घासलेले असतात. सुरुवातीला सराव सामना लावून कंट्रोलरच्या दोन्ही काड्या (अंगठ्याने हलवायच्या) सोडून द्या. खेळाडू आपोआप कोपऱ्याकडे चालायला लागला तर तो कंट्रोलर बाजूला ठेवा. हे उपांत्य सामन्यात कळलं तर रात्री अकराला पालक भांडत बसतील.